दुःखातल्या माणसांना घेऊन टेकडीवर कसं जायचं

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांतली माणसं गेली. त्यातलं एक घर आमचं. बाबा गेले आणि आम्हाला त्यांना नीट निरोपसुद्धा देता आला नाही, ना कोणी भेटायला आलं ना आम्ही कोणाच्या गळ्यात पडून रडलो, दहावं-तेरावं कसंबसं उरकलं आणि मग सगळ्यांची दारं बंद. आपल्याकडे माणूस गेलं की पंधरा दिवस घर भरलेलं असतं, कोणी पिठलं-भात आणून देतं, कोणी काही न बोलता येऊन नुसतं बसतं, ते बसणं किती मोठं असतं हे ते मिळालं नाही तेव्हा कळलं. निर्बंध सैल झाल्यावरसुद्धा लिफ्टमध्ये भेटलो की "कसे आहात?" "बरं आहे", बास, एवढंच.

मग समोरच्या काकू एक दिवस दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घरात बसवत नाही गं, उद्या सकाळी टेकडीवर येशील का माझ्याबरोबर?" त्यांचे मिस्टर गेले होते. तिथून सुरू झालं. आता दर रविवारी आमचे आठ-दहा जण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जातात, कोविडमध्ये माणूस गेलेले, नंतर गेलेले, एक ताई घटस्फोटातून जातायत, एका काकांची रिटायरमेंट त्यांना फार लागलीय. लोक विचारतात की तुम्ही तिथे नक्की करता काय, आम्हालाही आमच्या सोसायटीत असं काही करायचंय. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, हे सगळं चालता चालता कळलेलं आहे आणि काही गोष्टी चुकून मग कळल्यात.

जागा एकच ठेवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून आधी. दर आठवड्याला नवीन ठिकाण, एकदा सिंहगड, एकदा मुळशी, एकदा कुठलासा धबधबा, असं करू नका. ती सहल होते, आणि सहलीत माणसाला हसावं लागतं, फोटोत उभं राहावं लागतं, डब्यात काय आणलंय ते दाखवावं लागतं. ज्याच्या घरात दुःख आहे त्याच्याकडे तेवढी ताकद नसते. त्याला अशी जागा पाहिजे जिथे काही ठरवावं लागत नाही, पाय आपोआप जातात, कुठला दगड निसटता आहे ते माहिती असतं, कुठे टेकायचं ते माहिती असतं.

घरापासून फार तर अर्ध्या तासात पोहोचता येईल अशी बघा. आम्हाला वेताळ टेकडी जवळ पडते, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, म्हणजे पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, पण शहर स्वतःच साडेपाचशे मीटरच्या वर आहे त्यामुळे प्रत्यक्ष चढ फार नाही, साठी-सत्तरीतली माणसंही बेताबेताने चढतात. गोखलेनगर, पंचवटी, पाषाण, लॉ कॉलेज रोड, सगळीकडून वाटा आहेत. तुम्ही सहकारनगरकडे असाल तर तळजाई, पर्वती. नाशिकला पांडवलेणी, कोल्हापूरला रंकाळ्याचा काठ, नागपूरला सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरी, बोरिवलीवाल्यांना तर नॅशनल पार्क दारातच आहे. आणि यातलं काहीच जवळ नसेल तर एक जुना वड किंवा पिंपळ आणि त्याचा पार, तेवढंही पुरतं, खरंच पुरतं, आपली गावं शेकडो वर्षं पारावर बसूनच एकमेकांची दुःखं ऐकत आलीत.

वार आणि वेळ कधीच बदलायची नाही

आमचा रविवार, सकाळी साडेसहा, पायथ्याशी. उन्हाळ्यात सहा. "या रविवारी जमेल का सगळ्यांना?" असं ग्रुपवर विचारायचं नाही. विचारलं की जो आधीच खचलाय तो "नाही जमणार" असं टाइप करून मोकळा होतो. विचारलंच नाही तर त्याच्या डोक्यात असतं की ते लोक तिथे असणार आहेत, मी गेलो काय न गेलो काय, ते आहेत. कधी कधी तो बिचारा सहा पस्तीसला धावत येतो.

यासाठी एक माणूस लागतो जो दर रविवारी पायथ्याशी उभा राहणारच, पाऊस असो, कोणी येवो न येवो. आम्ही त्याला पाळी म्हणतो, महिन्याला एकाची पाळी. पाळीवाल्याने पावणेसातपर्यंत थांबायचं, मग चढायला लागायचं. माझ्या पाळीत एका जुलैच्या रविवारी एकही माणूस आला नव्हता, धो धो पाऊस, मी छत्री घेऊन पंधरा मिनिटं उभी होते आणि घरी आले. पुढच्या रविवारी एक वहिनी म्हणाल्या, "मी खिडकीतून बघितलं तुम्ही छत्री घेऊन निघालात ते, मला उतरवलं नाही खाली पण बघून बरं वाटलं." म्हणून सांगते, कोणी आलं नाही तरी ती पाळी वाया जात नाही.

चालायचं कसं

सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. ही एक गोष्ट पाळलीत तरी अर्धं काम झालं. नाहीतर काय होतं, फिट असलेले दोघं-तिघं झपझप पुढे जातात, वर पोहोचून कमरेवर हात ठेवून वाट बघतात, आणि मागचा धापा टाकत पोहोचला की ते लगेच निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही आणि शिवाय आपल्यामुळे सगळे खोळंबले हे मनाला लागतं. दुःखात शरीर खरंच जड होतं, पस्तिशीतला माणूससुद्धा सत्तरीतल्यासारखा चालतो, त्याला घाई करायची नाही.

आणि जोडीजोडीने चाला, शेजारी शेजारी. हे मला फार उशिरा लक्षात आलं की माणसं समोरासमोर बसली की जे बोलू शकत नाहीत ते शेजारी चालताना बोलतात. डोळ्यांत बघावं लागत नाही, मध्ये गप्प झालं तरी चालतं कारण पाय चालू असतात, आवंढा आला तर चढाचं निमित्त करून थांबता येतं. काकूंनी त्यांच्या मिस्टरांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते असंच, चढावर, माझ्याकडे न बघता, आणि मीही त्यांच्याकडे न बघता ऐकलं.

हेडफोन नको. मोबाइल खिशात, सायलेंटवर. स्टेप्स मोजायच्या असतील तर खिशातच मोजू देत.

दहा मिनिटं गप्प

वर गेलं की आमची एक ठरलेली जागा आहे, जुन्या दगडाच्या खाणीच्या बाजूला, तिथे बसून दहा मिनिटं कोणीही बोलायचं नाही. याला ध्यान वगैरे म्हणत नाही आम्ही, डोळे मिटायचे नाहीत, श्वास मोजायचा नाही. फक्त ऐकायचं. पहिल्या दिवशी माणसाला दहा मिनिटं म्हणजे तासाभरासारखी वाटतात, डोक्यात तेच तेच फिरत राहतं, हॉस्पिटल, फोन, आपण असं केलं असतं तर. त्याला एक सोपं काम देते मी, की किती वेगवेगळे आवाज येतायत ते बोटांवर मोजा. मोर ओरडतो, सातभाई एकमेकांशी भांडत असतात, टिटवी, बुलबुल, तांबटाचा तो ठोक ठोक ठोक भांडी ठोकल्यासारखा आवाज, खालून बसचा हॉर्न, दूरची कुकरची शिट्टीसुद्धा येते कधीतरी. आवाज मोजताना डोकं तेवढा वेळ तरी त्या चक्रातून बाहेर येतं. पहिल्या महिन्यात दहातली दोन मिनिटं आली तरी खूप झालं.

दहा मिनिटं झाली की पाळीवाला थर्मासचं झाकण उघडतो. तो आवाज म्हणजे आमची घंटा. आल्याचा चहा, स्टीलचे छोटे पेले, कागदी कप न्यायचे नाहीत कारण ते तिथेच पडतात.

बोलायचं काय, आणि काय अजिबात बोलायचं नाही

बोलायलाच पाहिजे असं नाही, हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाका. आमच्यातले एक काका सात-आठ महिने फक्त हवापाण्यावर बोलायचे. मग एका रविवारी एकदम म्हणाले, "आज तिचा वाढदिवस." कोणी काही बोललं नाही, एकाने पेला पुढे केला, झालं.

सल्ला द्यायचा नाही. ही सवय आपल्या लोकांत इतकी मुरलेली आहे की हे दर दोन महिन्यांनी परत सांगावं लागतं. "किती दिवस असं रडत बसणार", "आता मुलांसाठी तरी खंबीर व्हा", "जे होतं ते चांगल्यासाठीच", "माझ्या मावसबहिणीचं तर याहून वाईट झालं", यातलं एकही वाक्य नको. मग काय म्हणायचं? गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. त्याच्याबद्दल विचारायचं. "तुमच्या बाबांना काय आवडायचं हो खायला?" हे मला एकाने विचारलं तेव्हा मी पंधरा मिनिटं शेंगोळ्यांबद्दल बोलत होते, आणि घरी येऊन केलीसुद्धा. बाबा गेल्यावर घरात पहिल्यांदा शेंगोळी झाली. लोकांना वाटतं नाव काढलं तर त्रास होईल, उलट नाव कोणीच काढत नाही याचा त्रास जास्त होतो.

टेकडीवर बोललेलं टेकडीवरच राहिलं पाहिजे. बिल्डिंगमध्ये भिशीच्या दिवशी ते निघालं तर संपला तुमचा गट. आमच्याकडे एकदा झालं होतं असं, आणि ज्या ताईंचं बोलणं बाहेर गेलं त्या सहा महिने आल्या नाहीत. माफी मागायला त्यांच्या घरी जावं लागलं आणि ते योग्यच होतं. व्हॉट्सअॅप ग्रुप ठेवा पण फक्त पाळी आणि वेळ सांगायला, गुड मॉर्निंगची फुलं नकोत, सुविचार नकोत, आणि माणसांचे फोटो तर अजिबात नकोत. रडून लाल झालेले डोळे कोणाला स्टेटसवर नको असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक गंमत होते. गवत वाळून कंबरेएवढं झालेलं असतं आणि त्यातली कुसळं मोज्यांत, सलवारीत, पँटच्या काठात शेकड्याने घुसतात. खाली उतरलं की सगळे कट्ट्यावर बसून अर्धा अर्धा तास ती एक एक करून उपटत असतात, ज्यांना वाकता येत नाही त्यांची दुसरे काढून देतात. माझा अनुभव असा आहे की वर्षातलं सगळ्यात मोकळं बोलणं या कुसळांच्या दिवसांत होतं. हाताला काम असतं, मान खाली असते, कोणाला घाई नसते. तुमच्याकडे कुसळं नसतील तर हाताला दुसरं काहीतरी काम द्या, शेंगा सोला, वाटेवरच्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करा, पण काहीतरी हातात पाहिजे.

एकच टेकडी वर्षभर बघायची

जागा एकच का, याचं खरं कारण वर्ष उलटल्यावर कळतं. फेब्रुवारीत पळस आणि काटेसावर एकही पान नसताना फुलतात, गणेरीची पिवळी फुलं येतात, ती तर वाळक्या काटकीच्या टोकाला आल्यासारखी दिसतात. एप्रिल-मेमध्ये सगळं करपलेलं, बहावा तेवढा पिवळा. मग जूनच्या तोंडावर पावशा ओरडायला लागतो, चातक येतो, तो तर पावसाबरोबर आफ्रिकेकडून येतो म्हणतात पक्षीवाले, पहिला पाऊस झाला की लाल मखमली मृगाचे किडे मातीत फिरताना दिसतात. श्रावण-भाद्रपदात तेरडा, सोनकी. आणि मग परत गवत पिवळं.

ज्याचं माणूस गेलंय त्याच्यासाठी पहिलं वर्ष फार अवघड असतं कारण प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा त्याच्याशिवाय होत असते, पहिला गुढीपाडवा, पहिली दिवाळी, पहिला पाऊस. टेकडीवर तेच वर्ष दुसऱ्या बाजूने सरकताना दिसतं. आम्ही एक साधी वही ठेवलीय, दोनशे पानी, पाळीवाल्याकडे असते, त्यात तारीख आणि त्या दिवशी काय दिसलं एवढंच लिहायचं, दोन ओळी. "पळसाला कळ्या." "खाणीत पाणी आटलं." "आज मोराची पिसं गळलेली दिसली." कोणाला वाटलं तर स्वतःचंही लिहितात. काकूंनी वर्षभराने मागची पानं चाळली आणि म्हणाल्या, मागच्या वर्षी याच आठवड्यात मी फक्त "आले" एवढाच शब्द लिहिला होता, या वर्षी बघ पाऊण पान भरलंय.

नावं माहिती नसली तरी हरकत नाही, हळूहळू होतात. पण एखादा तरी झाडांचा जाणकार महिन्यातून एकदा बोलवा. झाडाचं नाव कळलं की ते दिसायला लागतं, आधी नुसतं हिरवं असतं.

झाड लावण्याबद्दल, जरा सांभाळून

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं, की गेलेल्या माणसाच्या नावाने एक झाड लावू. मलाही सुचलं. पहिल्याच पावसाळ्यात बाबांच्या नावाने एक रोप लावलं, दर रविवारी पाणी नेत होते पाच लिटरच्या कॅनमधून, आणि मे महिन्यात ते वाळलं. मी तिथे बसून जेवढं रडले तेवढी बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते. परत एकदा आपण वाचवू शकलो नाही, असं वाटलं. म्हणून कळकळीने सांगते, ताज्या दुःखात एका माणसाच्या नावाने एक रोप लावू नका. त्यापेक्षा आधीच उभं असलेलं एखादं मोठं झाड आपलं म्हणा, मी आता एका गणेरीला बाबांची गणेर म्हणते, तिला माझ्या पाण्याची गरज नाही आणि ती दर फेब्रुवारीत फुलते.

लावायचीच असतील तर सगळ्यांनी मिळून दहा-वीस लावा, कोणाच्याही नावाची नाही, म्हणजे त्यातली चार गेली तरी सोसवतं. वनखात्याला किंवा महापालिकेला विचारल्याशिवाय खड्डे घ्यायचे नाहीत, जागा त्यांची आहे. तिथलीच झाडं लावा, खैर, पळस, बहावा, धावडा अशी. टेकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून पूर्वी गिरिपुष्प भरमसाट लावलं गेलं आणि ते आता सगळीकडे पसरलंय, त्याच्याखाली फार काही उगवत नाही. आणि उघडं गवताळ माळरान दिसलं की ते रिकामं आहे असं समजू नका, तिथे जमिनीवर घरटं करणारे चंडोल असतात, पावसाळ्यात तिथेच छोटी आमरीची फुलं येतात. रोपं लावणं एक दिवसाचं काम, पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालणं हे खरं काम. प्रत्येकाने चढताना एक बाटली जास्तीची न्यायची, हा आमचा मार्च ते मेचा नियम. माझं तर असं झालं की घरात पाण्याचा ग्लास उचलायची इच्छा नव्हती त्या दिवसांत मी ते कॅन उचलून चढत होते, कारण कोणीतरी वर तहानलेलं आहे हे माहिती होतं.

जागेवर जीव जडला की तिची काळजीही घेतली जाते. २०२३ मध्ये टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात, टेकडी वाचवायला पुणेकर मोर्चात उतरले होते, त्यात आमचेही काही जण होते. ज्या काकांना वर्षभर घराबाहेर पडवत नव्हतं ते हातात फलक धरून चालत होते.

याने खरंच काही होतं का

घरातली तरुण मुलं हे विचारतात आणि विचारावंच. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये एक अभ्यास छापला होता, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांचा, काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरदार औषधंही कमी लागली. जपानमध्ये १९८२ पासून तिथलं सरकारी वनखातंच लोकांना जंगलात जाऊन नुसतं राहायला सांगतंय, त्याला ते शिनरिन-योकू म्हणतात, म्हणजे वनस्नान. आणि २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात, एकदम घालवली काय किंवा थोडी थोडी करून घालवली काय, फरक नाही. आता यात बरं असलेली माणसंच जास्त बाहेर पडत असतील असंही असू शकतं, हे ते संशोधकही मान्य करतात. पण आठवड्याला दोन तास हा आकडा मला व्यवहारी वाटतो, आमचा रविवार बरोबर तेवढाच असतो, वर जायला पाऊण तास, बसायला अर्धा, उतरायला पाऊण.

सांभाळायच्या गोष्टी

पावसाळ्यात शेवाळलेले दगड फार घसरतात, त्यामुळे खोबणीचा तळ असलेले बूटच घाला, चपला नको. खाणीच्या काठावर जायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी. गवतात हात घालायचा नाही, दगड उलटायचे नाहीत, घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्याकडच्या टेकड्यांवर असतात. साप चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काही करायचं नाही, माणसाला चालू द्यायचं नाही, धीर द्यायचा आणि १०८ ला फोन करून थेट हॉस्पिटल. आग्या मोहोळ कुठे आहे ते माहिती करून घ्या, त्या बाजूला धूर नको, भडक सेंट नको. उन्हाळ्यात काडी-सिगारेट नाही, वणवा एका ठिणगीने लागतो. अंधार पडायच्या आत खाली, आणि बायकांनी, खरं तर कोणीच, सामसूम वाटेवर एकटं जाऊ नये. मन फार बेचैन असेल तर माणूस वेळ-काळ न बघता निघतो, म्हणून मुद्दाम सांगते, निघायच्या आधी कोणालातरी मेसेज टाका. बीपी-शुगर असलेल्यांनी गोळी आणि काहीतरी गोड बरोबर ठेवा.

टेकडी पुरत नाही तेव्हा

हे वगळून पुढे जाऊ नका. दोन आठवड्यांवर झोप नाही, जेवण तुटलंय, कामं होत नाहीत, सगळं संपवावं असे विचार येतात, किंवा माणूस अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलतोय, वस्तू वाटून टाकतोय, तर ते चालून बरं होणारं नाही. डॉक्टरकडे न्या, बरोबर जा, बाहेर बाकावर बसून राहा. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आमच्यातल्या एका ताईला मी बाजूला बसून तो नंबर लावून दिला होता, कारण नंबर नुसता पाठवून कोणी फोन करत नाही. कोणाची औषधं चालू असतील तर "आता टेकडीवर येतेस, गोळ्या कशाला" असलं काही बोलायचं नाही. त्या ताई आजही गोळ्या घेतात आणि आजही रविवारी येतात.

ज्यांना चढता येत नाही

काकूंचे गुडघे मागच्या वर्षी गेले. ज्यांनी हे सगळं सुरू केलं त्याच येऊ शकत नाहीत म्हटल्यावर आम्हाला कसंतरीच झालं. मग असं ठरलं की महिन्याचा शेवटचा रविवार खालीच, सोसायटीच्या मागच्या कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून, वेळ तीच, दहा मिनिटं गप्प तीच, थर्मास तोच. बाकीच्या रविवारी उतरताना कोणीतरी त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन येतं, गळून पडलेलं पळसाचं फूल, मोराचं पीस दिसलं तर ते मात्र उचलत नाही, नुसतं सांगतो. काकू ते वहीत लिहितात. अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर खाट खिडकीशी सरकवा आणि खिडकीत दाण्या-पाण्याचं भांडं ठेवा, चिमण्या नाही आल्या तरी बुलबुल येतात.

आणि कोणी यायचं बंद झालं तर एकदाच फोन करा, "का आला नाहीत" असं न विचारता "पुढच्या रविवारी माझी पाळी आहे" एवढं सांगा. नाही आले तर महिन्याभराने परत एकदा. ज्यांचं बोलणं बाहेर गेलं होतं त्या ताई सहा महिन्यांनी आल्या तेव्हा कोणी काही विचारलं नाही, सगळ्यात हळू त्याच चालत होत्या म्हणून त्यांना पुढे केलं आणि आम्ही मागून चढायला लागलो.